तिसऱ्या प्रश्नाला गप्प बसणारी आठवी ब

रुबीनाताई,

माझा बी.एड.चा अंतिम पाठ झाला. कसा झाला ते सांगायची इतकी घाई झाली आहे की एक वाक्य पुरं होण्याआधी पुढचं सुचतंय. मला तू ओळखतेस. मी वाढदिवसाचा मेसेजसुद्धा आधी कच्चा लिहिणारी. हे मात्र थेट लिहिते आहे, खोडलं तर खोडलं.

तू असतीस तर तास सुटल्यावर जिन्यातच मला गाठलं असतंस. "फुगला की बसला?" तुझ्या भाषेत पाठ ढोकळ्यासारखा असायचा. "छान झाला" असं काही तुझ्या तोंडून निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

कॉलेजात तुझ्यासाठी भित्तिपत्रक लावणार आहेत. जन्म, शिक्षण, कुटुंब, कष्टाळू आणि मनमिळाऊ स्वभाव. मला लिहायला सांगितलं होतं, मी नाही म्हणाले. मनमिळाऊ तर तू नव्हतीसच. आपली जोडी लावताना कॉलेजच्या मॅडमनी मला पुढे केलं, तेव्हा तू माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून विचारलंस, "ही बोलते का?"

"वाचते खूप," मॅडम म्हणाल्या.

"बरं झालं. एक वाचनालय, एक मंडई."

तेव्हापासून मी तुझं वाचनालय. मी चोवीसची, तू त्रेचाळीसची. मी पुस्तकांतून आलेली, तू बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून बी.एड.ला आलेली. सुरुवातीला मी तुला "अहो ताई" म्हणायचे. "अहो म्हणशील तर मी तुझ्या पाठाला झोपेन," असं म्हणून तू ते बंद केलंस.

विश्रांतवाडीची ती शाळा, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूची, आणि आठवी ब. विज्ञानाचे पाठ आपण दोघींनी वाटून घ्यायचे. एकीने शिकवायचं, दुसरीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं. माझ्यासाठी ते नुसते पाठ नव्हते, हे तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. घरी ठरलं होतं की अंतिम पाठ धड झाला तर मी शिक्षिका होणार, नाहीतर आतेभावाच्या ओळखीच्या प्रकाशनात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायला बसणार. शांत खोली, लाल पेन, कोणाशी बोलायला नको. मी ते सांगताना माझा आवाज जरा सुखावलेला होता, आणि तो तू ऐकलास. "म्हणजे नापास झालीस तर बक्षीस," एवढंच म्हणालीस.

टाचणाचा तो कागद तुला पहिल्यापासून खुपला. शिकवायच्या आधी तास कसा जाईल ते त्यावर लिहायचं. डाव्या रकान्यात आपण काय विचारणार, उजव्या रकान्यात मुलं काय उत्तर देणार. उजव्या रकान्याचं नाव "अपेक्षित प्रतिसाद". त्यावर बोट ठेवून तू मॅडमना विचारलंस, "मुलांचंही आपणच बोलायचं? मग त्यांना शाळेत कशाला बोलवायचं?"

मला मात्र तो कागद आवडायचा. काय होणार ते आधीच ठाऊक असलेला तास! सुरुवातीला तीन प्रश्न. पहिले दोन मुलांना यायलाच हवेत. तिसरा येता कामा नये. तो अडला की आपण हसून म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण हेच पाहणार आहोत." याला हेतुकथन म्हणतात आणि ते झाल्याशिवाय फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं नसतं. लिहिलं तर गुण गेले.

माझा पहिला पाठ हवेच्या दाबाचा. कागद हातात होता.

"आपल्या सभोवती काय असतं?"

"हवा!"

"हवेला वजन असतं का?"

"हो!"

"मग एवढ्या हवेचं ओझं अंगावर असून आपण चिरडले का जात नाही?"

वर्ग चिडीचूप. पहिल्या बाकावरच्या साक्षीने तर दोन्ही ओठ आत ओढून घेतले होते. मला हर्ष झाला. कागदावर होतं तसंच्या तसं घडत होतं! मी हसून हेतुकथन केलं, सुंदर अक्षरात "हवेचा दाब" लिहिलं आणि तास सुखाने पार पडला. तुझं निरीक्षण होतं: "आवाज तिसऱ्या बाकापर्यंत. फलकलेखन उत्तम. तिसऱ्या प्रश्नाला वर्ग संशयास्पद शांत."

मधल्या सुट्टीत तू साक्षीला डब्यासकट पकडलंस.

"काय गं, तिसऱ्याचं उत्तर येत होतं ना तुला?"

"हो, मॅडम."

"मग?"

"तिसऱ्याला गप्प बसायचं असतं." तिने हे, शाळेला रविवारी सुट्टी असते इतक्या सहज सांगितलं. "नाहीतर तुमचे मार्क जातात. दर वर्षी नवीन सर-मॅडम येतात ना पाठ घ्यायला. सहावीत अफानने उत्तर देऊन टाकलं, तर ते सर रडायलाच आले."

शेजारी पोळीभाजी खाणारा अफान घास तोंडात ठेवून म्हणाला, "मला काय माहीत, मॅडम. मी नवीन होतो शाळेत."

तू इतकी हसलीस की शिक्षक खोलीतून दोघं बाहेर डोकावले. मीही हसले, कानापर्यंत लाल होऊन. आणि मग तू हसायची थांबलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढे खूपदा पाहिलं. काहीतरी मोडून बघायचं ठरलं की तू तशी दिसायचीस.

पुढचा पाठ तुझा होता. टाचणात तीन प्रश्न व्यवस्थित लिहिलेले, मॅडमची सही झालेली. वर्गात गेलीस आणि तिसराच पहिला विचारलास. "स्ट्रॉने ताक पिताना ताक वर कोण चढवतं?"

आठवी ब गोंधळली. नियमाप्रमाणे पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. अफानने दिलं. "बाहेरची हवा ढकलते, मॅडम." झालं. फळ्यावर तारीखही लिहिली नव्हती आणि पाठ संपला. तू आता काय करणार?

तू खडू ठेवून दिलास. "हे तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे पुढे."

"पुस्तक चुकलं असेल तर?"

ताई, तो तास! मातीकामाच्या शिल्लक मातीने तू पाण्याच्या बाटलीचं तोंड स्ट्रॉभोवती घट्ट लिंपलंस आणि बाटली अफानच्या हातात दिलीस. तो ओढतोय, ओढतोय, गाल आत गेले, डोळे बाहेर आले. "येतच नाही, मॅडम!" सगळ्यांना करून बघायचं होतं. कोणी सेफ्टी पिनने स्ट्रॉला भोक पाडलं, कोणी मातीला. मातीला भोक पडलं की पाणी चढतं, बुजवलं की थांबतं. तू मध्ये उभी, हात मागे बांधून, आणि एकही गोष्ट सांगत नव्हतीस. निरीक्षणाचा कागद माझ्यासमोर कोरा राहिला. त्यात "विद्यार्थ्यांचा आरडाओरडा" यासाठी रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर आपलं पहिलं भांडण झालं. त्यानंतर रोज तेच भांडण झालं.

तू म्हणायचीस, येत असलेलं उत्तर गिळायला आपण मुलांना शिकवतोय. मी म्हणायचे, आपण नाही शिकवलं, ती आपल्याला सांभाळून घेतात. पाहुण्यांच्या ताटातलं मीठ कमी असलं तर आपण बोलतो का?

"विज्ञानाच्या तासाला पाहुणचार नको."

"तेराव्या वर्षी कोणाची नोकरी वाचवायला गप्प बसणं, हे मला विज्ञानापेक्षा मोठं वाटतं."

"वाटू दे. लॅबमध्ये कोणाला वाईट वाटू नये म्हणून मी अपेक्षित रिपोर्ट दिला असता तर? माणूस खूश होऊन घरी गेला असता. आणि मग मेला असता."

यावर मला उत्तर सुचायचं नाही. बस यायची. रात्री घरी पुस्तक उघडलं की सुचायचं, आणि सकाळी मी ते तुला प्रार्थनेच्या रांगेत कुजबुजून सांगायचे. "वाचनालय रात्रीचं उघडं असतं वाटतं," असं तू म्हणायचीस. खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला ठाऊक होतं असं वाटतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर पुढे काय बोलायचं ते माझ्या कागदावर नव्हतं, म्हणून मला ती शांतता हवी होती.

आणि तो डबा! माझा दुसरा पाठ. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा तू नाना पेठेतून बसमधून मांडीवर घेऊन आलीस, घासून लख्ख केलेला. आत थोडं पाणी, खाली शेगडी, वाफ भसाभसा निघू लागली की शेगडी बंद, झाकण घट्ट आणि वरून गार पाणी. मी आदल्या दिवशी हे चार पुस्तकांत वाचलं होतं. चारही पुस्तकांत तो आवाज नव्हता. धाड करून डबा आत गेला, जणू कोणी अदृश्य माणूस त्यावर बसला. मुली किंचाळल्या, मागची मुलं बाकांवर चढली, मीसुद्धा "अगं बाई" म्हणाले, परीक्षेच्या भाषेत ज्याला जागा नाही. मुख्याध्यापिका धावत आल्या.

"काय पडलं?"

मागच्या बाकावरून तू शांतपणे म्हणालीस, "हवा पडली, मॅडम."

त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. टाचण वाफेने भिजून फळ्यापाशी पडलं होतं आणि निम्मा तास ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. हे तुला सांगायचं राहिलं. तू तुझ्या आनंदात होतीस, डबा परत न्यायचा हट्ट करत होतीस.

शेवटचं भांडण माझ्या अंतिम पाठावरून. बाहेरचे परीक्षक येणार होते. मी आम्ल आणि आम्लारीचा पाठ निवडला होता. लिटमस लाल होतो, निळा होतो, कोणाला काही अनपेक्षित होत नाही. तिसरा प्रश्न असा घोटून ठेवला होता की आठवी बला गप्प बसणं सोपं जावं.

"तुझा पाठ, तुझं टाचण," तू म्हणालीस. "पण मी मागे बसणार आहे. तिसऱ्याला कोणी बोललं नाही तर मी हात वर करणार."

"कर. मी तुला विचारणारच नाही."

"मग मी ओरडून सांगेन."

"परीक्षकांसमोर?"

"परीक्षकांच्या कानात." तुझी बस आली. तू दारातून, आत चढणाऱ्या माणसांच्या मधून, हात वर करून दाखवलास, वर्गातल्या मुलीसारखा. मला राग आला होता आणि हसूही येत होतं. त्यानंतर तू दिसली नाहीस.

तुझ्या घरी गेले तेव्हा बायका आतल्या खोलीत धीम्या आवाजात पठण करत होत्या. मला काय करायचं ते कळेना, मी भिंतीशी बसून राहिले. एका मावशींनी काही न विचारता मला पाणी दिलं. निघताना तुझे मिस्टर, सलीमभाई, दारापर्यंत आले. मग एकदम म्हणाले, "तो अफान कोण? सहावीत सरांना रडवलं तो?"

"हो."

"त्याला सांगा, आमच्या घरात रोज जेवताना त्याचं नाव निघायचं." आणि गॅलरीकडे हात केला. चेमटलेला डबा तिथे कुंडीच्या शेजारी होता. "फेकू देत नव्हती. म्हणायची, हे माझं सर्टिफिकेट."

मी जिना उतरले आणि खाली रस्त्यावर, दुचाकींच्या मध्ये, खूप रडले. तुझ्यासाठी की त्या वाक्यासाठी, ते सांगता येणार नाही.

सोमवारी आठवी बमध्ये गेले. प्रार्थनेच्या वेळी मुलांना तू गेल्याचं सांगितलेलं होतं. हजेरी झाली. मग साक्षी उभी राहिली. "मॅडम, रुबीना मॅडमचा प्लावक बलाचा पाठ राहिला." त्या एका वाक्यात ती जे विचारत होती ते मला पुरतं कळलं. मी म्हणाले, "मी घेईन." कधी घेईन ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. "बुधवारी."

बुधवारी अंतिम पाठ होता.

कॉलेजच्या मॅडम चिडल्या. आयत्या वेळी विषय बदलतात का? घोटलेला लिटमस सोडून? मी काही बोलले नाही. न बोलणं हे माझं जुनंच बळ, ते पहिल्यांदा कामी आलं.

बुधवारी परीक्षक आले. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर काही नाही. मागच्या बाकावर बसले. नेमके तुझ्या जागी. मी नजर फळ्याकडे वळवली.

"सोसायटीच्या हौदातून भरलेली बादली वर ओढताना ती कुठपर्यंत हलकी लागते?"

"पाण्यात असेपर्यंत!"

"आणि बाहेर आली की?"

"जड!"

"मग पाण्यात असताना तिचं वजन जातं कुठे?"

शांतता. तीच सुंदर, शिस्तीची, मला वाचवणारी शांतता. साक्षीने ओठ आत ओढले. हेतुकथन माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढं म्हणायचं आणि पुढचा सगळा तास कागदावर लिहिलेला होता. ताई, मी थांबले. बाहेर रस्त्यावर कोणाचा तरी टेम्पो मागे येताना वाजत होता.

"ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा," मी म्हणाले.

काहींनी हळूच मागे परीक्षकांकडे पाहिलं.

"खरंच सांगा."

साक्षी अर्धवट उठली. खालच्या आवाजात, माझी काळजी वाटून, म्हणाली, "मॅडम, नक्की?"

"नक्की."

आणि आठवी ब फुटली! पाणी खालून ढकलतं. नाही, वजन तेवढंच असतं, आपल्याला कमी वाटतं. पोहताना माझा भाऊ मला एका हाताने उचलतो, मॅडम. दगड का बुडतो मग? ढकलतं पण पुरत नाही. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता, कारण त्याखेरीज तो कुठेच पोचला नसता. मी नावं घेत होते, थांबवत होते, "तू पुढे सांग, तू त्याला उत्तर दे" म्हणत होते. एका हातात खडू होता, दुसरा रिकामा. टाचण कुठे होतं देव जाणे.

मग अफान. "मॅडम, बादलीचं वजन कमी होतं ना, तर पाण्याचं वाढत असणार. पाणी तिला वर ढकलतंय म्हणजे ती पाण्याला खाली ढकलतेय."

माझ्या उजव्या रकान्यात हे नव्हतं. कोणत्याच रकान्यात नव्हतं. ज्या क्षणाला मी वर्षभर घाबरले तो हाच होता, आणि तो आला तेव्हा भीतीला जागाच उरली नव्हती. मला स्वतःलाच बघायचं होतं!

"कसं बघायचं?" मी विचारलं.

प्रयोगशाळेतला वजनकाटा आला. त्यावर पाण्याचं भांडं. आकडा स्थिर झाला. अफानने बोट पाण्यात बुडवलं, तळाला न टेकवता, काठाला न लावता. आकडा वाढला. बोट काढलं, उतरला. वर्गाने जो आवाज केला तो डब्याच्या आवाजापेक्षा मोठा होता. मीही केला. पुस्तकात हे मी नक्की कुठेतरी वाचलेलं असणार. पण वाचलेलं वेगळं आणि त्या पोराच्या ओल्या बोटाखाली आकडा चढताना पाहणं वेगळं. सगळे काट्याभोवती गोळा झाले, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मुलांच्या डोक्यांवरून एक पांढऱ्या शर्टाची बाही आत आली आहे. परीक्षक स्वतःचं बोट बुडवून पाहत होते.

घंटा झाली. मुलं गेली. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

"तुम्ही हेतुकथन केलं नाही."

"नाही, सर."

"विसरलात?"

"मुलं आधी पोचली, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हं," म्हणाले. पुणेरी माणसाच्या "हं"चा अर्थ तू लावला असतास, तुला ती भाषा माझ्यापेक्षा जास्त येते. गुण अजून कळलेले नाहीत.

आपल्या भांडणाचं मात्र सांगते. तू जिंकलीस असं समजू नकोस. साक्षीचं ते "नक्की?" विसरू नकोस. उत्तर तोंडाशी असताना त्या मुलीने आधी माझ्या भल्याचा विचार केला. मी अजूनही म्हणेन की ते मोठं होतं. तू अजूनही म्हणशील की रिपोर्ट तो रिपोर्ट. आता मला रात्री सुचलेलं सकाळी कोणाला सांगायचं, हा प्रश्न आहे. तू मला शिकवलंस वगैरे मी म्हणणार नाही, तू चिडशील. पण शिकवताना मजा येते, एवढी मजा येते, हे मला तुझ्या मागे बसल्याशिवाय कळलं नसतं. हे तुला तू असताना सांगायला हवं होतं.

अजून संपलं नाही. शुक्रवारी साक्षीने विचारलं, "मॅडम, बादलीत लिंबू तरंगतंय आणि बादली घेऊन आपण लिफ्टमध्ये चढलो. लिफ्ट वर जायला लागली की लिंबू आणखी बुडेल का?"

मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. घरी जाऊन कागदावर गणित मांडलं. कागद म्हणतो की लिंबू आहे तसंच राहील. मुलांना हे अजून सांगितलेलं नाही. बघ, मी गप्प बसायला शिकले, पण वेगळ्या कारणाने.

शुक्रवारीच, शाळा सुटायच्या आधी, फळ्यावर तीन रकाने करून मतं घेतली होती. बुडेल, वर येईल, तसंच राहील. कडाक्याचं भांडण झालं, फितवाफितवी झाली, एकाने दोनदा मत दिलं. मोजायला लागले तेवढ्यात अफान म्हणाला, "रुबीना मॅडमचं मत धरायचं ना?"

सगळे एकदम थांबले. माझाही खडू थांबला.

"धरायचं. पण कुठे?"

कोणी म्हणालं बुडेलमध्ये, कोणी म्हणालं वर येईलमध्ये. प्रत्येकाला तू आपल्या बाजूला हवी होतीस. साक्षीने मान हलवली. "त्या मत देणारच नाहीत," ती म्हणाली. "त्या विचारतील, लिफ्ट कुठाय?"

मी चौथा रकाना आखला. वर लिहिलं, "लिफ्ट कुठाय?" खाली एक रेघ मारली. पक्की, ठळक. वर्गात कोणी हरकत घेतली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो. शाळेजवळच्या अकरा मजली इमारतीत साक्षीचे बाबा सुरक्षारक्षक आहेत, त्यांनी दुपारची वेळ मिळवून दिली. लिफ्टमध्ये बादली, लिंबू, साक्षी, अफान, मी, बटणापाशी बाबा. बाकीची आठवी ब आधीच जिन्याने धावत वर, निकाल ऐकायला. बाबांनी बटण दाबलं. लिफ्टने असा धक्का दिला की निम्मं पाणी माझ्या साडीवर, लिंबू अफानच्या बुटात, आणि काही म्हणजे काही दिसलं नाही.

अकराव्या मजल्यावर दार उघडलं. धापा टाकणारी मुलं समोर. "काय झालं? बुडलं का?"

बाबांनी माझ्या ओल्या पदराकडे बघून अवघडून विचारलं, "मॅडम, झालं ना तुमचं? जाऊ खाली?"

मुलांच्या आधी, मुलांपेक्षा मोठ्याने, सगळा जिना घुमेल अशी मी ओरडले, "परत!"